साक्षीदंडाची साक्ष

सभागृहाचं दार ढकलून आत शिरलो आणि सगळ्यात आधी मला दिसलो तो मीच.

व्यासपीठाच्या मागे माणसाहून उंच फलक होता. त्यावर माझा फोटो, आठ वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस असतानाचा. अंगात पांढरा कोट, हातात काळ्या द्रवाची नळी आणि चेहऱ्यावर नवरदेवालाही लाजवेल असं हसू. खाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'विज्ञानानेही मान तुकवली!' मी कुणापुढे आणि कधी मान तुकवली, हे मला ठाऊक नव्हतं. पण तीनशे खुर्च्यांवर पाचशे माणसं दाटीवाटीने बसली होती आणि त्या सगळ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

"अहो, फोटोतले तुम्हीच ना?" शेजारी बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते.

"छे, छे. माझा भाऊ असेल."

"भाग्यवान हो तुमचा भाऊ," ते म्हणाले आणि माझ्यासाठी थोडे सरकले.

मी इथे आलो होतो ते ताईच्या निरोपावरून. 'रविवारी अकराला सभागृहात ये, तुझ्यासाठी गंमत आहे.' गंमत ही अशी असेल याची मला काय कल्पना!

एवढ्यात लोहगुरू आले. पन्नाशीचे, तुकतुकीत चेहऱ्याचे, करड्या घोळदार झग्यातले, बोटांत लोखंडाच्या पाच अंगठ्या. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारं कापड होतं आणि त्यावर पांढरी आवरणं चढवलेली एक चौकोनी, बसकी चौकी. तिला म्हणायचं धवलपीठ. पीठावर रुंद काचेची बरणी, बरणीत काळंभोर तेजोजल आणि तेजोजलात उभी एक जाड पोलादी दांडी. तो साक्षीदंड. दांडीच्या वरच्या टोकातून निघालेली तार भिंतीवरच्या पाटीला जोडलेली होती. पाटीवर विटेएवढे लाल आकडे दिसत होते: २९.

"बाळांनो, नॅनो म्हणजे काय?" गुरूंनी माईकमध्ये विचारलं. "नॅनो म्हणजे इतकं लहान, की डोळ्यांना दिसत नाही. आत्मा दिसतो? नाही दिसत! म्हणजे आत्मा काय आहे?"

"नॅनो!" सभेने एका सुरात सांगितलं.

"तुमच्या रक्तात लोखंड आहे. माझ्या तेजोजलात लोखंडाचे नॅनो कण आहेत. लोखंड लोखंडाला ओळखतं, बाळांनो! तेजोजल तापतं, गाठ ओळखतं आणि गाठ विरघळते. सुरी नको, टाके नकोत, रक्त नको!"

लोखंड लोखंडाला ओळखत असतं, तर आमच्या दाराच्या कडीने मला रोज सकाळी नमस्कार घालायला हवा होता. पण हे मी मनातच ठेवलं, कारण पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गुरूंनी बरणीवर हात धरला. धवलपीठातून घूंऽऽ असा आवाज निघाला. "पीठाचा हुंकार," पोस्टमास्तर कुजबुजले. आकडे चढू लागले. एकतीस, चौतीस, अडतीस. सभागृहात कुणी खोकेना. त्रेचाळीस झाले तसा गुरूंनी हात झटकला, हुंकार थांबला आणि टाळ्यांनी छत दणाणलं. बघता बघता मलाही कबूल करावं लागलं की काळं पाणी खरंच तापलं होतं. बरणीची काच वरून धुरकटलेली मलाही दिसत होती.

मग त्या कोमट पाण्याची पिशवी भरून गुरूंनी ती रुग्णाच्या हाती दिली. व्यासपीठावरच्या खुर्चीत रुग्ण म्हणून माझी ताई बसली होती.

*

आई-वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि मी अकराचा. तिने शिलाई मशीन घेतलं, जिन्याखाली दुकान थाटलं आणि मला वाढवलं. माझ्या शाळेच्या गणवेशापासून लग्नातल्या कोटापर्यंत प्रत्येक टाका तिचा. शिवणकामात तिचा एक नेम होता आणि अजूनही आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी एका चिंधीवर टाका घालून बघायचा आणि मगच खऱ्या कापडाला सुई लावायची. "मशीनचा मूड आधी चिंधीला विचारायचा," असं ती म्हणते. चाळीस वर्षांत तिने कुणाचं कापड बिघडवलेलं नाही.

त्या रविवारच्या महिनाभर आधी तिच्या छातीत गाठ सापडली. तपासणीत ती वाईट निघाली. सर्जनबाईंनी समोर बसवून नीट सांगितलं, "लहान आहे, वेळेवर सापडली आहे, काढली तर चांगल्या बऱ्या व्हाल. फक्त थांबू नका." गुरुवारची, म्हणजे ह्या सभेनंतर अकरा दिवसांची, तारीखही ठरली. आणि आता ही बाई कोमट पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसली होती.

मंगळवारी मी दुकानात गेलो. भिंतीवर ज्या जागी माझ्या फोटोचं कात्रण काच लावून टांगलेलं असायचं, तिथे फिकट चौकोन उरला होता. कात्रण तिने गुरूंना मोठं करून घ्यायला दिलं होतं.

"ताई, थोतांड आहे गं ते सगळं."

"हो का?" ती काजं करत होती, मान वर न करता म्हणाली. "अकरा बैठका झाल्या की गाठ जाईल म्हणालेत. आणि मधे सुरी लागली तर तेज निघून जातं. म्हणून मी सर्जनबाईंना फोन करून तारीख रद्द करायला सांगणार आहे."

"अगं, कुणीतरी झगा घालून काहीतरी सांगतो आणि तू..."

"झग्याचं सांगू नकोस मला, त्याची शिलाईसुद्धा उसवलेली आहे. मी झग्यावर विश्वास ठेवलेला नाही, धाकट्या. तुझ्यावर ठेवलाय." तिने सुई कापडात खोचून ठेवली. "काळं पाणी तापतं आणि त्याने गाठी जाळता येतात, हे मला गुरूंनी नाही सांगितलं. आठ वर्षांपूर्वी तू सांगितलंस, इथे, ह्या स्टुलावर बसून. वर्तमानपत्रात छापून आलं होतं. तेव्हा तू खोटं बोलत होतास?"

मी स्टुलाकडे बघितलं. स्टूल तेच होतं.

"तसं नाही... म्हणजे... आमचं वेगळं, त्यांचं वेगळं," मी पुटपुटलो.

"पाणी काळंच ना? तापतंच ना?" ताईने विचारलं आणि पुन्हा काजं करायला घेतली. मी उठून बाहेर पडलो. मला माझीच लाज वाटत होती.

*

काय झालं होतं ते आता सांगून टाकतो.

मी प्रयोगशाळेत सहायक आहे. आमच्याकडे लोखंडाच्या संयुगाचे कण पाण्यात मिसळतात. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत काही हजार शेजारी शेजारी बसतील. ते काळं पाणी तांब्याच्या गुंडाळीत ठेवायचं आणि गुंडाळीतून असा प्रवाह सोडायचा की तिचं चुंबकत्व सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होईल. त्या ओढाताणीत कण तापतात. पुढेमागे असे कण गाठीत सोडून तिला आतून शेकता येईल, अशी कल्पना आहे. डॉक्टर इतर उपचारांच्या जोडीला ती अजून तपासून बघतायत. आमचं काम त्याच्या फार आधीचं: एक ग्रॅम लोखंड किती उष्णता देतं ते मोजायचं. दिवसभर थर्मामीटरकडे बघत बसायचं, पहिल्या काही सेकंदांत आकडा किती भरभर चढतो ते टिपायचं आणि भागाकार करायचा. घरी बायको विचारते, आज काय केलं? मी सांगतो, पाणी कोमट केलं.

ह्या कामात धातूचा थर्मामीटर चालत नाही. आमचा थर्मामीटर काचेच्या तंतूचा असतो आणि तो नाजूक असतो. आठ वर्षांपूर्वी तो माझ्या हातून मोडला. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, रजेवर होत्या आणि दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्राचा बातमीदार येणार होता. मी कपाटातला पोलादी सळईचा थर्मामीटर काढला आणि काळ्या पाण्यात बुडवला. आकडा असा भराभरा चढला की मी खुर्चीतून उठलो! आजवरच्या दहापट! बातमीदाराने फोटो काढला, मी ते हसू हसलो आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'काळ्या द्रवाची कमाल'.

मॅडम रजेवरून आल्या. त्यांनी वही बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "नुसत्या पाण्याचा आकडा कुठाय?"

मी नुसतं पाणी मोजलंच नव्हतं. कणांआधी साधं पाणी तसंच्या तसं गुंडाळीत ठेवून मोजायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम. मॅडमनी नळाचं पाणी घेतलं, त्यात माझी सळई बुडवली आणि यंत्र चालू केलं. साधं पाणीही जवळजवळ तितकंच तापलं. कणांनी माफकच उष्णता दिली होती. बाकी सगळी सळईची. चुंबकत्वाच्या उलटापालटीत पोलादातच प्रवाह फिरतात आणि ते स्वतः तापतं. मी जिला तापमान विचारत होतो, तीच पाणी तापवत होती.

मॅडमनी अहवाल मागे घेतला आणि वर्तमानपत्राला खुलासा पाठवला. त्यांनी तो छापला नाही. मी ताईला सांगायला निघालो होतो. दुकानात पोहोचलो तर कात्रणाला काच लावून झाली होती आणि ताई एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "हा माझा भाऊ, मी शिकवलं याला." मग सांगायचं राहिलं. उद्या सांगू, परवा सांगू करत आठ वर्षं गेली.

बुधवारी सकाळी बायको चहा टाकत होती आणि ओट्यावर घूंऽऽ आवाज आला. मी ताडकन उठलो. पीठाचा हुंकार! आमची इंडक्शनची शेगडी घुमत होती.

"चहा हवाय की शेगडी?" मी वाकून कान लावला तशी बायकोने विचारलं.

म्हणजे धवलपीठ काय होतं ते कळलं. पण ह्या शेगडीवर काच तापत नाही, पाणी तापत नाही. तिला खाली सपाट बुडाचं पोलादी भांडं लागतं. ती उभी दांडी काही भांडं नव्हे. मग त्या काळ्या पाण्यात भांडं होतं तरी कुठे?

प्रयोगशाळेत मी मॅडमना सगळं सांगितलं. "शेगडीचं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताईंना पटवायचं असेल तर आधी सळईचं सांगावं लागेल. ते जमेल?"

*

पुढच्या रविवारी मी पिशवीत रुंद तोंडाची काचेची बरणी, बाटलीभर पाणी आणि लाल रेघेचा काचेचा थर्मामीटर घेऊन सभागृहात गेलो. दारातच माईकवाल्याने मला पकडलं. ताईने कबूल करून ठेवलं होतं, भाऊ व्यासपीठावर येईल.

"आज आपल्यात आहेत, फोटोतले थोर शास्त्रज्ञ!"

पहिल्या रांगेत पोस्टमास्तर ताठ झाले. "अहो, तुम्ही तर भाऊ म्हणालात!"

"भाऊच आहे," मी ताईकडे बोट दाखवलं आणि वर चढलो. ताईचा चेहरा फुलला होता. तो बघून माझा अर्धा धीर तिथेच गळाला.

"गुरुदेव," मी माईकमध्ये म्हणालो, "तेजोजल तापतं हे सगळ्यांनी बघितलं. साधं पाणी तापेल का हो?"

"साधं पाणी निर्जीव! सात जन्म ठेवलंत तरी तापणार नाही."

"मग तेच दाखवू या का लोकांना?"

गुरूंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी स्वतःच आपली बरणी, दंडासकट, उचलून बाजूला ठेवली. मी माझी बरणी पीठावर ठेवली, पाणी ओतलं, थर्मामीटर बुडवला. गुरूंनी हात धरला. पीठ क्षणभर घुमलं आणि मग ओरडायला लागलं: टिटीट, टिटीट, टिटीट.

"ऐका!" गुरू गरजले. "पीठ रडतंय! निर्जीव पाणी पुढ्यात ठेवलं म्हणून पीठ रडतंय!"

तिसऱ्या रांगेतल्या खानावळवाल्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. दोन मिनिटं गेली. थर्मामीटर एकोणतीसवरून हलला नाही. माईकवाल्याने आकडा वाचून दाखवला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला स्वतःलाही वाजवाव्याशा वाटल्या. मी गुरूंचा खोटेपणा उघडा पाडायला आलो होतो आणि आतापर्यंत मी त्यांचाच दावा सिद्ध करून दिला होता.

"आता तेजोजल, पण दंडाशिवाय," मी घाईने म्हणालो.

"साक्षीदंडाशिवाय बैठक होत नाही."

"का?"

"साक्षीशिवाय सत्य कसं कळणार, बाळा?"

सभेला हे फारच पटलं. "उतरा खाली!" कुणीतरी ओरडलं. "पुरे झालं!" ताईने माझ्याकडे बघितलं. "झालं का समाधान, धाकट्या?" ती हळूच म्हणाली. "गुरुवारचं मी उद्या सकाळी सर्जनबाईंना कळवते."

मी माईक तोंडाजवळ धरला.

"ताई, आठ वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं ते खरं नव्हतं."

पीठाचं टिटीट चालूच होतं. फलकावरचा मी हसतच होतो.

"त्या दिवशी काळं पाणी तापलं नव्हतं, मी घातलेली पोलादी सळई तापली होती. कण खरे होते, आकडा खोटा होता. चार दिवसांनी मला ते कळलं. तू कात्रण टांगून बसली होतीस, म्हणून मी बोललो नाही. माझी हिंमत झाली नाही गं."

ताईने फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आठ वर्षं?"

"हो."

"आणि मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत बसले होते."

"हो."

"मग ते कळलं कसं?"

"मॅडमनी तीच सळई साध्या पाण्यात घालून बघितली. तू आधी चिंधीवर टाका घालतेस ना, तसं. साधं पाणी ही आमची चिंधी. मी त्या दिवशी चिंधी घेतलीच नव्हती."

ताई खुर्चीतून उठली. मला वाटलं, आता पाचशे माणसांसमोर थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर मी हूं की चूं केलं नसतं. पण ती मला ओलांडून टेबलापाशी गेली.

"गुरुदेव," ती म्हणाली, "ह्या गाढवाचं आत्ताही चुकलंच. एका बरणीत जाड सुई, दुसरीत बारीक सुई, आणि म्हणे कापड तपासतोय! सुई तीच ठेवली पाहिजे." आणि कुणाला काही कळायच्या आत तिने साक्षीदंड धरून वर उचलला.

दंड वर आला आणि त्याच्याबरोबर त्याच्या पायाशी जोडलेली, बशीएवढी रुंद, बोटभर जाड पोलादी चकती वर आली. तिच्यावरून काळं पाणी निथळत होतं. पाणी काळं का हवं होतं, ते मला तेव्हा कळलं. हरवलेलं भांडं सापडलं होतं.

"साक्षीदंडाला हात लावू नका!" गुरू ओरडले.

"लावला," ताई म्हणाली आणि तिने दंड माझ्या साध्या पाण्यात उभा केला.

पीठाचं रडणं थांबलं. घूंऽऽ सुरू झालं. पाटीवरचे आकडे निघाले: एकतीस, पस्तीस, चाळीस, सेहेचाळीस. काचेचा थर्मामीटरही मागोमाग चढू लागला. साधं, निर्जीव, नळाचं पाणी तापत होतं आणि गुरूंचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर होते.

"अगं बाई!" खानावळवाल्या बाई उभ्या राहिल्या. "ही तर शेगडी आहे! माझी पण भांडं उचललं की अशीच ओरडते आणि ठेवलं की गप्प बसते!"

ताईने दंड पुन्हा बाहेर काढला, माझी बरणी उतरवली आणि तेजोजलाची बरणी पीठावर ठेवली. टिटीट, टिटीट.

"आता हे तेजोजलासाठी पण रडतंय," पोस्टमास्तर म्हणाले आणि आधी ते हसले, मग त्यांच्यामागची रांग हसली, मग सगळं सभागृह. खानावळवाल्या बाई वर आल्या आणि त्यांनी पीठाची पांढरी आवरणं एका झटक्यात उतरवली. आत काळी काच, बटणं आणि 'दूध', 'भात', 'तळण' अशी अक्षरं होती. गुरू गेले तीन महिने गाठी 'दूध'वर विरघळवत होते.

"तेजोजलात नॅनो कण तरी आहेत का?" कुणीतरी विचारलं.

ताईने आपली बोटं बघितली, वास घेतला, पदराच्या टोकाला पुसून डाग निरखला. "ही कापड रंगवायची काळी पुडी आहे. जुन्या विजारी रंगवते मी हिच्यात. उन्हात फिकी पडते."

मी माईकमध्ये सगळं उलगडून सांगितलं, शेगडी, चकती, दंड आणि कापडाआड पायाने दाबायचं बटण, जे गुरू गडबडीत बंद करायला विसरले होते. "साक्ष द्यायला उभा केलेला दंडच पाणी तापवत होता," मी म्हणालो, "आणि त्यालाच आपण विचारत होतो, पाणी तापलं का."

"म्हणजे नॅनो वगैरे सगळं थापाच?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नाही हो. कण खरे आहेत, आमच्याकडे रोज तापतात, पण माझ्या बातमीत छापलं होतं त्याच्या एक दशांश. आणि सर्जनची जागा अजून कुठल्याच बरणीने घेतलेली नाही."

मी मागे वळलो तर गुरू नव्हते. फलकामागून त्यांचा आवाज मात्र सगळ्या सभागृहाला स्वच्छ ऐकू आला, कारण झग्याला लावलेला छोटा माईक काढायचं ते विसरले होते: "गाडी काढ! अरे, दुसरी किल्ली! मागच्या दाराने!" मागच्या दाराशी तोवर शे-दीडशे माणसं पोहोचली होती. गाडी निघाली नाही, पोलीस आले.

*

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिने तसं बायकोला फोन करून कळवलं, "मी त्याच्याशी बोलत नाहीये, त्याला सांग." मी रोज संध्याकाळी दुकानात जाऊन त्याच स्टुलावर बसत होतो आणि ती रोज माझ्या हातात उसवायला एक कपडा देत होती.

बुधवारी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो. सर्जनबाईंनी दुसऱ्या दिवशीचं सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "काही शंका?"

"एक आहे," ताई म्हणाली. "तुमचं हे ऑपरेशन चिंधीवर करून बघितलंय का?"

सर्जनबाई गोंधळल्या. मी समजावून सांगायला तोंड उघडणार तोच ताईने हाताने मला गप्प केलं. "म्हणजे असं की, ज्यांची गाठ काढली आणि ज्यांची नाही काढली, त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितलंय का? की नुसतंच छापून आलंय?"

सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "बघितलंय," त्या म्हणाल्या. "ज्यांनी काढू दिली नाही आणि इतर इलाज करत बसले, त्यांच्याही नोंदी आहेत. त्यांचं चांगलं झालं नाही. काढल्यावर पुढे कोणती औषधं द्यायची, तेही तसंच पडताळलेलं आहे. एका गटाला दिलं, दुसऱ्याला नाही दिलं आणि वर्षानुवर्षं मोजलं." मग त्या थोडं हसल्या. "हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात."

"मलाही उशिराच सुचला," ताई म्हणाली. घरी जाताना तिने रिक्षात माझा हात धरला. अकरा वर्षांचा असताना रस्ता ओलांडताना धरायची तसाच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गुरुवारी गाठ निघाली. स्वच्छ निघाली, असं सर्जनबाई म्हणाल्या. पुढचे उपचार बरेच महिने चालले आणि ते सोपे नव्हते. आता ती दुकानात बसते, थकते, गिऱ्हाइकांवर खेकसते आणि बरी आहे.

कात्रण तिने पोलिसांकडून परत मिळवलं आणि त्याच जागी पुन्हा टांगलं. मी म्हणालो, काढून टाक ना. ती म्हणाली, "का काढू? फोटो चांगला आलाय." फक्त त्याखाली तिने माझ्याकडून एक कागद लिहून घेतला, माझ्या अक्षरात, सहीसकट: 'वरील बातमी चुकीची आहे. सळई तापली होती. साधं पाणी मोजायचं राहिलं.' शिलाईला आलेला प्रत्येक माणूस तो वाचतो आणि ताई प्रत्येकाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगते. फलकावरच्या फोटोने मला कधी मिळालं नसतं इतकं नाव मला ह्या चुकीने मिळालंय.

तेव्हा वाचकहो, माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुम्हाला बरणीत, बाटलीत, हातात किंवा यंत्रात काही अद्भुत घडताना दाखवलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा: हेच साध्या पाण्यात करून दाखवता का? मोजायला जे वापरलंत तेच तसंच्या तसं ठेवून? खऱ्या माणसाला ह्या प्रश्नाचा राग येत नाही, तो पाणी आणायला उठतो. प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, पांढरा कोट लागत नाही. माझ्या ताईकडे चिंध्यांनी भरलेला एक डबा होता, तेवढा पुरला. आणि दाखवणारा माणूस झग्यातला नसून तुमचा स्वतःचा, लाडका, सख्खा भाऊ असला, तर त्याला आधी विचारा.